हातात फक्त कोबी होता

मॅडिसन, विस्कॉन्सिन
रविवार, 14 डिसेंबर 2025

ती. बाबा, आई आणि आजी यांना शिरसाष्टांग नमस्कार.

सायली, हे पत्र तू मोठ्याने वाचायचंस. जिथे ‘आजी, ऐक’ लिहिलंय तिथे आवाज चढव.

मी मजेत आहे. खोकला पूर्ण गेला. जेवणाखाण्याचं नवं काही नाही, ताट तुम्ही रोज फोनवर बघताच. थंडी भरपूर आहे, पण ती बाहेर. घरात हीटर इतका की सुती गाऊनवर बसून लिहितेय. आईने दिलेली कानटोपी घालते. खरंच घालते.

फोन असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. एक तर आजीच्या हाताला कागद लागतो. आणि दुसरं म्हणजे, हल्ली काही गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहायला हात धजत नाही. काळजी करू नका, काही झालेलं नाही. नुसती सवय लागलीय.

आधी त्या फोटोचं सांगते, म्हणजे बाबांचं पुढच्या मजकुराकडे लक्ष लागेल. शेजारच्या काकूंनी दाखवला तो फोटो माझाच आहे. निळा कोट, हातात कापडी पिशवी, मागे गर्दी आणि फलक. काकूंची पूर्वा शिकागोहून माझ्याकडे आली होती, तिने काढला आणि मला न विचारता फेसबुकवर टाकला. मी मोर्च्यात नव्हते. मी भाजी आणायला गेले होते. पिशवीत कोबी होता, लसूण होता आणि एक भोपळा.

तो 18 ऑक्टोबरचा शनिवार. इथे एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत दर शनिवारी विधानभवनाच्या चारी बाजूंनी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. आठवडी बाजारच म्हणा, फक्त ओरडत कोणी नाही. गंमत म्हणजे सगळे एकाच दिशेने चालतात, आणि तीही उलटी. विधानभवन डाव्या हाताला ठेवून! आजी असती तर तिने सगळ्यांना उलटं फिरवलं असतं. तर त्या दिवशी देशभर ‘नो किंग्ज’ नावाचे मोर्चे होते. आम्हाला राजा नको, असा रोख. राजा म्हणजे कोण ते बाबांना सांगायला नको. म्हाताऱ्या बायका घरून खुर्च्या घेऊन आलेल्या, एक जण फुगवलेल्या बेडकाच्या पोशाखात नाचत होता, मुलं बापाच्या खांद्यावर. दगड नाही, टायर नाही, लाठी नाही. मी रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला उभी राहून बघितलं. वीसेक मिनिटं. घोषणा दिली नाही. चाल कानात बसली ती बसली, तिला मी काय करू.

बाबा, तुम्ही विचारलंत, परदेशी माणसाला तिथे बोलायचा हक्क आहे का. मी वाचून काढलं. यांच्या घटनेतली पहिली दुरुस्ती 1791 ची, सगळं मिळून एक वाक्य आहे. धर्म, भाषण, वृत्तपत्रं, शांतपणे जमणं आणि सरकारकडे दाद मागणं. आणि ते वाक्य लोकांना काही देत नाही, संसदेला दटावतं, की असला कायदा तू करायचा नाहीस. आपल्या एकोणिसाव्या कलमात ‘सर्व नागरिकांना’ असं आहे आणि लगेच खाली वाजवी निर्बंधांची यादी. इथे निर्बंध कोर्टांनी निकालांतून घातले, आणि मूळ शब्द ‘लोक’ असा आहे, नागरिक नाही. म्हणजे कागदावर मीही त्यात येते. पण व्हिसा हा वेगळा कागद आहे. या एप्रिलमध्ये देशभरातल्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी अचानक रद्द झाल्या, काहींच्या तर जुन्या वाहतूक गुन्ह्यासारख्या किरकोळ कारणावरून. मग लोक कोर्टात गेले आणि नोंदी परत आल्या. तेव्हा मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. माझं नाव त्यात नव्हतं, मग उगाच तुमची झोप कशाला घालवायची? पण ते तीन आठवडे मी सकाळी उठून दात घासायच्या आधी माझी नोंद शाबूत आहे का ते बघायचे. आणि जूनपासून नवीन विद्यार्थी-व्हिसा मागणाऱ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवावी लागतात. माझा व्हिसा आधीचा, मला ते लागू नाही. तरी मी दोन वर्षांपूर्वीच्या पोस्टी चाळून काढल्या. काही नव्हतं हो त्यात, पुरणपोळ्या आणि आयर्विन पूल.

म्हणून रस्त्याच्या अलीकडे उभी होते. झालं फोटोचं.

आता एक गोष्ट सांगते जी मला दीड वर्षात पूर्ण उमगलेली नाही. इथे लोक आपली मतं अंगणात पेरतात. अक्षरशः. घरापुढच्या हिरवळीत दोन तारांच्या पायांवर पुठ्ठ्याएवढी पाटी खोचतात. निवडणुकीत उमेदवाराचं नाव, एवढंच. फोटो नाही, हात जोडलेले दादा नाहीत, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून चाळीस चेहरे नाहीत. आपल्याकडे फ्लेक्स चौकात लागतो, सगळ्यांच्या डोक्यावर, आणि कुणी लावला ते विचारायची सोय नसते. इथे प्रत्येकाने आपल्याच गवतात आपलीच पाटी लावायची. शहराने ती काढायला लावायची नाही. सेंट लुईसजवळच्या एका गावाने तसा नियम केला होता. एका बाईने युद्धाविरुद्ध पाटी लावली, गाव नको म्हणालं, बाई सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 1994 मध्ये जिंकली. घर माझं, गवत माझं, पाटी माझी.

बरं, पाट्या निवडणुकीपुरत्या असत्या तर समजलं असतं. बारा महिने असतात. एक लांबलचक पाटी देशभर दिसते, ‘या घरात आम्ही मानतो की...’ अशी सुरू होणारी, खाली पाच-सहा ओळी. विज्ञान खरं आहे, स्त्रियांचे हक्क हे माणसाचे हक्क आहेत, वगैरे. ती पाटी जन्मली याच गावात, नोव्हेंबर 2016 च्या निवडणुकीनंतर. इथल्याच एका ग्रंथपाल बाईने हाताने रंगवून दारात लावली आणि देशभर तिच्या नकला झाल्या. मला कळत नाही ती वाचायची कुणी. ज्यांना पटतं त्यांच्याही दारात तीच असते, आणि ज्यांना पटत नाही ते गाडीतून भुर्रकन जातात. आमच्या गल्लीत समोरासमोर दोन घरं आहेत. एकाच्या गवतात एका पक्षाची पाटी, दुसऱ्याच्या गवतात दुसऱ्याची. दोघे बर्फ उडवायचं यंत्र एकमेकांना देतात. मी घरमालकिणीला विचारलं, यांची भांडणं होत नाहीत? ती म्हणाली, ते राजकारणावर कधी बोलतच नाहीत. म्हणजे पाटी आहे म्हणून बोलावं लागत नाही! आपल्याकडे बाबा आणि मामा जेवताना तावातावाने भांडतात आणि दारावर फक्त ‘श्री’. सध्या बर्फ पडलंय, पाट्या निम्म्या बुडाल्या आहेत. आमच्या समोरच्या घराची फक्त पहिली ओळ वर आहे, ‘या घरात आम्ही मानतो की’. पुढचं वसंतात.

पाट्यांवर दोन पानं गेली. बाबा, आता तुमच्यासाठी, जन्मभर कोर्टात नाझरकी केलेल्या माणसाने बसूनच ऐकावं असं.

एक. या राज्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मतं मागून निवडून येतात, दहा वर्षांसाठी. या 1 एप्रिलला निवडणूक झाली. टीव्हीवर दर दहा मिनिटांनी न्यायमूर्तींच्या जाहिराती, एकमेकांची उणीदुणी काढणाऱ्या. दोन्ही बाजूंनी मिळून दहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला म्हणतात. इलॉन मस्कने ग्रीन बे गावात मंचावरून दोन मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे चेक दिले. त्याचा उमेदवार पडला ते सोडा. तुम्ही वकिलाच्या घरच्या बारशाचे पेढेसुद्धा परत पाठवायचात, ते आठवलं.

दोन. इथल्या राज्यपालाला खर्चाच्या विधेयकातले तुकडे खोडायचा अधिकार आहे. 2023 मध्ये अंदाजपत्रकात लिहिलं होतं की शाळांना दर विद्यार्थ्यामागे 325 डॉलर जास्त उभे करायची मुभा 2023-24 आणि 2024-25 या वर्षांसाठी. टोनी एव्हर्स या राज्यपालांनी दुसऱ्या सालातले ‘20’ आणि मधली रेघ खोडली. राहिलं काय? 2425! दोन वर्षांची मुभा चारशे वर्षांची झाली. प्रकरण कोर्टात गेलं आणि या एप्रिलमध्ये चार विरुद्ध तीन मतांनी ते ग्राह्य धरलं गेलं. अक्षरं खोडून नवा शब्द बनवायला 1990 पासून घटनेतच बंदी आहे. आकड्यांचं कुणी लिहून ठेवलं नव्हतं. तुम्ही खोडाखोड दिसली की बाजूला सही आणि तारीख घेतल्याशिवाय कागद पुढे जाऊ द्यायचा नाहीत. मी इथल्या मुलांना हे सांगितलं तर ती म्हणाली, तुझ्या वडिलांना इकडे पाठव.

तीन. केंद्र सरकार बंद पडलं होतं ते तुम्ही बातम्यांत पाहिलंत. 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर, 43 दिवस. खर्चाला संसदेची मंजुरी नाही म्हणून कचेऱ्या बंद. विमानतळावर विमानं उतरवणारे लोक बिनपगारी कामावर. तुमच्या युनियनने चोपन्न दिवस संप केलेला तुम्ही अजून सांगता, पण इथे सरकारच संपावर. माझ्या पगारावर परिणाम झाला नाही, तो विद्यापीठाकडून येतो. प्रयोगशाळेतल्या एका संशोधकाची बायको केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. त्यांनी त्या महिन्यात गाडीचा हप्ता भावाकडून घेतला. हे तिने हसत हसत सांगितलं, मला मात्र घरच्या आठवणीने गिळवेना.

आजी, ऐक. आता तुझं.

इथे सगळे किरिस्ताव असतील, तुला बाटवतील, असं तू म्हणतेस. दारात दोन मुलं आली होती, पांढरे सदरे, टाय, वीस वर्षांची असतील. मॉर्मन पंथाची. फार सज्जन. पायरीवरचं बर्फ उपसून दिलं आणि पुस्तक दिलं. मी म्हटलं चहा घ्या. तर त्यांच्या पंथात चहा चालत नाही. आजी, चहा न पिणाऱ्या धर्मात मी जाईन असं तुला वाटतं?

यांच्या नोटेवर छापलेलं असतं की आमचा देवावर भरवसा आहे. सरकार कुठल्याच धर्माचं नाही असं घटनेत, आणि देव खिशात. नोटेवर तो 1957 मध्ये आला, तोही रशियावाले देव मानत नाहीत म्हणून. म्हणजे शेजाऱ्याला दाखवायला तुळशीपुढे दिवा, त्यातला प्रकार.

विधानभवनात डिसेंबरमध्ये घुमटाखाली भलंमोठं झाड उभं करतात. एक राज्यपाल त्याला नाताळाचं झाड म्हणाला, नंतरचा सुट्टीचं झाड म्हणाला, आणि त्यावरून आमदार भांडले. पण माझं लक्ष बाजूच्या पाटीकडे गेलं. या गावात देव न मानणाऱ्यांची एक मोठी संस्था आहे, ती 1996 पासून दर नाताळात तिथे आपली पाटी लावते. देव नाही, सैतान नाही, स्वर्ग नाही, नरक नाही, हिवाळ्याच्या या दिवसांत बुद्धी टिकून राहो, अशा अर्थाची. आपले अंनिसवाले देवाला हात लावत नाहीत, बुवाला लावतात. हे थेट देवालाच. आणि पाटी लावणारे संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला जातात. मी तिथे उभी राहिले आणि मला आपल्याकडची एक सकाळ आठवली, पुण्यातल्या पुलावरची, 2013 ची. बाबा त्या दिवशी चहा न घेता बसून होते. इथे सगळं आलबेल आहे असं नाही म्हणत. जूनमध्ये शेजारच्या मिनेसोटात एका आमदारबाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला घरात घुसून मारलं. ते राहू दे. बंदुकांवर आपलं फोनवर बोलणं झालंय, मी रात्री आठनंतर बाहेर पडत नाही.

गणपती चर्चच्या हॉलमध्ये बसला होता, सांगितलं ना. भाडं कमी. आरतीला तिथले पाद्री मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते, ताल चुकत होता.

आणि आजी, घोड्याच्या बग्ग्या! पाण्याचे नमुने घ्यायला आम्ही दक्षिणेला ग्रीन काउंटीत गेलो होतो. तिथे आमिश लोक राहतात. वीज नको, मोटार नको, बायका डोक्यावर टोपडं घालतात. त्या भागातल्या न्यू ग्लॅरस गावातल्या तीन आमिश बापांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायचं नाकारलं होतं. आमचा धर्म शेतात आहे, पुढच्या शाळेत तो बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1972 मध्ये आमिश जिंकले. बाबा, तुम्ही ते केरळच्या तीन मुलांचं 1986 चं प्रकरण सांगायचात ना, राष्ट्रगीताला उभी राहिली पण गायली नाहीत ती. त्या वळणाचंच हे. ते ऐकून मी नेहमी मुलांच्या बाजूने व्हायचे. इथे मात्र अडखळले, कारण इथे बापाने मुलांच्या वतीने नको म्हटलंय. डग्लस नावाच्या एकाच न्यायमूर्तींनी निकालात वेगळं लिहिलं, की मुलांना कुणी विचारलं का? कुणाला कीर्तनकार व्हायचं असेल, कुणाला अंतराळात जायचं असेल. कीर्तनकार हा माझा शब्द, त्यांनी पियानोवादक लिहिलंय.

आजी, तुला चौथीतून काढलं तेव्हा कुणी विचारलं होतं का? मी हे फोनवर कधी विचारलं नसतं. सायली, इथे थांब आणि ती काय म्हणते ते मला लिही.

मला तुम्ही विचारलं होतंत. जायचंय का, असं बाबांनी तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा मी हो म्हणाले. तुम्ही तेव्हा निवृत्तीला आला होतात हे मला माहीत होतं.

पैशाचं. 400 डॉलर पाठवलेत. डॉलर नव्वदीवर गेलाय, म्हणजे छत्तीस हजारांच्या आसपास येतील. ते कर्जाच्या व्याजात भरा, साड्यांत नको. फी माफ आहे, शिकवण्याच्या कामाचा पगार पुरतो, मी उपाशी राहून पाठवत नाहीये. नोकरी-व्हिसाला एक लाख डॉलर लागणार अशी बातमी मामाने चार वेळा पाठवली. ते बाहेरून नव्याने येणाऱ्यांना. माझ्यासारख्या इथेच शिकणाऱ्यांना नाही, असं ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलंय. कंपन्या जरा हात आखडून आहेत, पण मेपर्यंत काहीतरी होईल. झालं नाही तर मी परत येईन, कर्ज तिथूनही फिटेल. आई, लगेच खूश होऊ नकोस.

न्यू जर्सीच्या त्या मुलाचा फोन आला होता. बोललो. बरा आहे. एवढंच.

आता जे लिहायचं मी चार पानं टाळत आले ते. 17 मेला अधिक महिना लागतोय म्हणून सायलीचं लग्न त्याआधी उरकायचं ठरलं, हे योग्यच झालं. (बाबा, नव्या जावयाला लगेच अधिकाचं वाण आलं. तेहतीस अनारसे आणि चांदीचं ताट, खर्चात धरा.) मोठीच्या आधी धाकटीचं कसं, असं विचारणाऱ्यांना सांगा की मोठीने स्वतःच सांगितलंय. पण मी लग्नाला येऊ शकणार नाही. मेमध्ये पदवी आणि लगेच कामाच्या परवान्याचा अर्ज. तो लटकलेला असताना देश सोडू नका, असं सगळे सांगतात. व्हिसा आहे, बाहेर पडायला कुणी अडवत नाही. परत आत घ्यायचं की नाही ते मात्र विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुतेक घेतीलच. तिकीट दोनदा काढायला गेले आणि दोन्ही वेळा पान बंद केलं. सायली, रागाव, मला चालेल.

करवली म्हणून मामाच्या प्राजूला उभी करा. माझी जांभळी पैठणी तिला नेसवा, कपाटात खालच्या खणात आहे, पिको करायचं राहिलंय.

तुमची,
मोठी

ता. क. बाबा, काकूंना सांगून पूर्वाकडून तो फोटो काढून टाकता आला तर बघा. विशेष काही नाही. त्यात माझा कोट फार जुना दिसतो.